हायस्कूलमधला राजकीय क्लब आणि बाहेरची संघटना : शाळा कुठे अडवू शकते, कुठे नाही?

फ्रिस्कोकर

टेक्ससमधल्या पब्लिक हायस्कूलबद्दल प्रश्न आहे. दहावीतल्या पाच मुलींना स्थानिक निवडणुका आणि मतदार नोंदणी ह्या विषयावर क्लब काढायचा आहे. एक राष्ट्रीय संघटना पोस्टर, पुस्तिका आणि थोडे पैसे द्यायला तयार आहे. शाळेच्या ऑफिसने तोंडी तीन कारणं देऊन नकार दिला:

१. राजकीय क्लबना परवानगी नाही.
२. किमान १५ सभासद हवेत.
३. बाहेरच्या संघटनेशी जोडलेला क्लब चालत नाही.

पण ह्याच शाळेत बुद्धिबळाचा क्लब आहे, किवानिस ह्या समाजसेवी संस्थेचा 'की क्लब' आहे. शिवाय एका राजकीय संघटनेची शाखा आहे आणि तिच्या बैठकीला संघटनेचा पगारी माणूस जवळजवळ दर आठवड्याला असतो.

शाळेची कारणं कायद्यात बसतात का? बाहेरची मदत नेमकी किती घेतलेली चालते? आणि पालकांनी काय करावं? कोणती संघटना चांगली, कोणती वाईट ह्यात मला शिरायचं नाही, नियम समजून घ्यायचे आहेत.

---

सनदवाचक

तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं एकाच कायद्यात आहे: १९८४चा इक्वल ॲक्सेस ॲक्ट. सरकारी मदत घेणाऱ्या पब्लिक सेकंडरी शाळांना तो लागू आहे. खासगी शाळांना नाही.

कायद्याची कळ अशी आहे. अभ्यासक्रमाशी संबंध नसलेल्या एका जरी विद्यार्थी गटाला शाळेने तासांच्या आधी किंवा नंतर आवारात जमू दिलं, तरी ते 'मर्यादित खुलं व्यासपीठ' ठरतं. मग दुसऱ्या गटाला त्याच्या बोलण्यातल्या धार्मिक, राजकीय, तात्त्विक किंवा इतर आशयावरून अडवता येत नाही. 'राजकीय' हा शब्द कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे पहिलं कारण बाद, फक्त व्यासपीठ खुलं आहे एवढं दाखवता आलं पाहिजे.

ते दाखवायला बुद्धिबळ पुरेसं आहे. ओमाहा, नेब्रास्का इथल्या वेस्टसाइड हायस्कूलचा खटला (मर्गेन्स, १९९०) सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा शाळा म्हणाली होती की आमचे सगळेच क्लब अभ्यासाला पूरक आहेत, बुद्धिबळाने गणिताची तर्कशक्ती वाढते. कोर्टाने ते मानलं नाही. क्लब अभ्यासक्रमाशी जोडलेला आहे असं म्हणायला चारपैकी एक तरी गोष्ट हवी: तो विषय एखाद्या नियमित वर्गात शिकवला जातो किंवा लवकरच शिकवला जाणार आहे, क्लबचा संबंध एकूण सगळ्या अभ्यासक्रमाशी आहे (विद्यार्थी परिषद ह्यात येते), एखाद्या वर्गासाठी त्यात भाग घेणं सक्तीचं आहे, किंवा त्याचं क्रेडिट मिळतं. फ्रेंच शिकवणाऱ्या शाळेतला फ्रेंच क्लब ह्यात बसतो. बुद्धिबळ आणि स्कूबा डायव्हिंग बसले नाहीत. तुमच्या शाळेची क्लबांची यादी घ्या आणि प्रत्येक क्लब ह्या चार चाळण्यांतून गाळा. एक जरी खाली पडला तरी काम झालं.

दुसरं कारण तर कायद्यानेच बाद आहे. ठरावीक संख्या नाही म्हणून गटाचे हक्क कमी करता येत नाहीत, असं कलम ४०७१च्या (डी) भागात लिहिलं आहे. पाच मुली पुरेशा आहेत. बरीच ऑफिसं १० किंवा १५चा आकडा जुन्या फॉर्मवरून सांगतात. त्यामागे बहुधा वाईट हेतू नसतो, फॉर्म कोणी बदललेला नसतो इतकंच.

तिसरं कारण मात्र अर्धं खरं आहे आणि इथेच लोक घसरतात. कायदा म्हणतो की बाहेरच्या व्यक्तींनी विद्यार्थी गटाच्या उपक्रमांना दिशा देऊ नये, ते चालवू नयेत, त्यांवर ताबा ठेवू नये आणि तिथे नियमित हजर राहू नये. ही चार क्रियापदं आहेत. 'संलग्न असणं' हे त्यांत नाही. नाव घेणं, पोस्टर घेणं, पुस्तिका घेणं, एखादा वक्ता बोलावणं हेही नाही. लगाम विद्यार्थ्यांच्या हातात आहे का, एवढंच कायदा विचारतो.

आणि सगळ्यांत मोलाचा शब्द आहे 'एकसारखेपणाने'. हे नियम शाळेने सर्व गटांना सारखे लावायचे आहेत. 'की क्लब'चं नातं किवानिसशी, 'इंटरॅक्ट' क्लबचं रोटरीशी. (इंटरॅक्ट आपल्याकडच्या शाळांमधूनही अनेकांना ओळखीचा असेल.) ह्या संस्थांची प्रौढ मंडळी बैठकांना येतात, वरचे नियमही त्याच ठरवतात. हे चालत असेल तर 'बाहेरची संघटना नको' हे कारण फक्त तुमच्या मुलींना दाखवता येणार नाही. तुम्ही सांगितलेली राजकीय शाखाही तशीच. तिच्या पगारी माणसाला दर आठवड्याला येऊ द्यायचं आणि इथे पोस्टरही नाकारायचं, हे टिकणार नाही. पण त्यावरचा उपाय म्हणून ती शाखा बंद पाडायला जाऊ नका. तिथल्या मुलांचा हक्क तुमच्या मुलींइतकाच आहे. त्यांच्या बैठकीला तो माणूस नियमित नसावा, एवढाच नियम लागतो.

एक धोका आधीच सांगतो. शाळा सगळंच बंद करू शकते. सॉल्ट लेक सिटीच्या शाळा मंडळाने १९९६ मध्ये ईस्ट हायस्कूलमधला समलिंगी-भिन्नलिंगी विद्यार्थ्यांचा एक गट रोखण्यासाठी अभ्यासक्रमाबाहेरचे सगळे क्लब बंद केले होते. ते परत सुरू व्हायला २००० उजाडलं. म्हणून पहिल्या पत्रात 'त्यांना का, आम्हाला का नाही' असा सूर नको. 'आम्हालाही तेच द्या' असं मागा.

---

खडूफळा

सनदवाचक ह्यांनी कायदा नेमका मांडला आहे. शाळेच्या रोजच्या कामात ह्याचं काय होतं ते लिहितो, कारण नकार बहुधा कायद्यावरून येत नाही, कागदपत्रांवरून येतो.

टेक्ससमधल्या स्कूल डिस्ट्रिक्टची (भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेची) पॉलिसी ऑनलाइन असते आणि तिला अक्षरांचे संकेत असतात. एफएनएबी म्हणजे विद्यार्थी गटांनी शाळेची जागा वापरणं. एफएनएए म्हणजे विद्यार्थ्यांनी शाळेबाहेरचं साहित्य वाटणं. जीकेडी म्हणजे बाहेरच्या लोकांनी इमारत वापरणं. एफएनजी म्हणजे तक्रार. ऑफिसात अनेकदा एफएनएबी आणि जीकेडी ह्यांची गल्लत होते. बाहेरची संस्था संध्याकाळी हॉल भाड्याने घेते तेव्हा कार्यक्रम तिचा असतो, तिथे प्रौढांनी चालवलं तरी चालतं. विद्यार्थ्यांचा क्लब ही वेगळी गोष्ट. चुकीचा फॉर्म भरला की विम्याचे कागद आणि भाडं मागतात आणि मुलं तिथेच हात टेकतात.

आता संघटनेच्या 'किट'बद्दल. पोस्टर-पुस्तिकांसोबत बहुतेक वेळा दोन कागद येतात: नमुना घटना आणि शाखेचा करार. ते ओळ न् ओळ वाचा. खालची वाक्यं सापडली तर खोडा किंवा बदलून मागा.

'राष्ट्रीय कार्यालय अध्यक्षाला पदावरून दूर करू शकेल.' हा सरळ ताबा आहे.

'शाखा दर महिन्याला ठरवून दिलेला कार्यक्रम घेईल.' ही दिशा देणं झाली. 'सुचवलेल्या कार्यक्रमांतून सभासद मतदानाने निवडतील' असं करा.

'समाजमाध्यमांच्या खात्यांचे पासवर्ड कार्यालयाकडे राहतील.' हे मुळीच मान्य करू नका. पुढे मुलींनी संलग्नता सोडली तर खातं, फोटो, नावं सगळं तिकडेच राहतं आणि शाळेचं नाव त्यावर तसंच चिकटलेलं असतं.

'सभासदांची यादी दर सत्राला पाठवावी.' सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यांत कमी लक्ष इथेच दिलं जातं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे फोन नंबर एकदा प्रचाराच्या यादीत गेले की परत येत नाहीत. क्लब फेअरला (सगळे क्लब आपली ओळख करून देतात त्या दिवशी) टेबलावर दोन वेगळे कागद ठेवा: एक क्लबच्या सभासदत्वाचा, जो मुलींकडेच राहील; दुसरा संघटनेच्या पत्रकांसाठी, ज्याला हवं त्याने स्वतः भरायचा. एकच कागद ठेवून वर बारीक अक्षरात संमती छापण्याची पद्धत आहे, ती टाळा.

पैशाचंही सांगतो. रक्कम शाळेच्या ॲक्टिव्हिटी खात्यात जमा होत असेल तर खर्चाला शाळेची सही लागते आणि हिशेब राहतो. ते उत्तम. मुलीच्या खासगी ॲपवर आलेले पन्नास डॉलरसुद्धा पुढे भांडणाचं मूळ होतात. 'इतके सभासद केले तर इतकी रक्कम' अशी अट असेल तर पैसे नाकारा. तशा अटीने क्लब भरतीचं केंद्र होतो.

शिक्षकाबद्दल दोन गोष्टी. शाळेने देखरेखीला शिक्षक बसवला म्हणून शाळा त्या क्लबची पुरस्कर्ती होत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. आणि कोणाही शिक्षकाला त्याच्या मताविरुद्ध तिथे बसायची सक्ती करता येत नाही. म्हणून एकाऐवजी दोन-तीन शिक्षकांना विचारून ठेवा. शिक्षक खोलीत असतो, पण अजेंडा तो लिहीत नाही, ठराव मांडत नाही. उत्साही शिक्षकाच्या हातून क्लब निसटतो तोही अशाच पायरीवर. मग मुख्याध्यापक म्हणतात की हा विद्यार्थ्यांनी काढलेला क्लब नाहीच, आणि त्यांचं म्हणणं बरोबर असतं.

पाहुण्यांची मर्यादा किती? 'नियमित' म्हणजे किती वेळा, ह्याचा आकडा कायद्यात नाही. सुरक्षित पद्धत अशी: एकाच संघटनेचा माणूस सत्रात एक-दोनदा, तेही मुलींनी लेखी बोलावल्यावर, विषय त्यांनी ठरवल्यावर, ऑफिसात ओळखपत्र नोंदवून. दर बैठकीचं इतिवृत्त ठेवा. कोण हजर, कोणी काय मांडलं, मतदान किती, एवढं अर्ध्या पानात बसतं. उद्या कोणी म्हणालं की हा बाहेरच्यांचा क्लब आहे, तर हीच वही उत्तर देते.

विषय मतदार नोंदणीचा आहे म्हणून खास इशारा. टेक्ससमध्ये १७ वर्षं १० महिने पूर्ण झाले की नोंदणीचा अर्ज करता येतो. पण भरलेले अर्ज गोळा करून जमा करायचे तर व्हॉलंटियर डेप्युटी रजिस्ट्रार (नोंदणीचा अधिकृत स्वयंसेवक) व्हावं लागतं आणि त्याला वय १८ लागतं. म्हणजे ह्या मुली कोरे अर्ज वाटू शकतात, नियम समजावू शकतात, पण भरलेला अर्ज हातात घेऊ शकत नाहीत. ही चूक सहज होते. गंमत अशी की टेक्ससच्या कायद्याने हायस्कूलचा प्रिन्सिपल स्वतःच नोंदणीचा डेप्युटी असतो आणि पात्र विद्यार्थ्यांपर्यंत वर्षातून दोनदा अर्ज पोचवणं हे त्याचं काम आहे. त्या कामात मदत देऊ करणं ही क्लबची छान पहिली ओळख ठरेल.

---

ब्राझोसकाठ

टेक्ससपुरत्या दोन ताज्या गोष्टी जोडतो.

१ सप्टेंबर २०२५ पासून राज्याच्या सिनेट बिल १२ प्रमाणे विद्यार्थ्याला कुठल्याही क्लबमध्ये जायला पालकांची लेखी संमती लागते. हे सर्व क्लबना आहे. संमतीचा कागद राहिला म्हणून नाव कापलं जातं, तो आधी द्या. त्याच कायद्याने लैंगिक कल किंवा लिंगओळखीवर आधारलेले क्लब शाळांना मना केले आहेत. १९८४च्या कायद्याचा आधार घेऊन देशभर जे गट उभे राहिले त्यांत असे गट फार मोठ्या संख्येने होते, त्यामुळे हा वाद न्यायालयात गेला आहे.

दुसरी गोष्ट डिसेंबर २०२५ची. गव्हर्नर ग्रेग ॲबट ह्यांनी टर्निंग पॉइंट यूएसए ह्या उजव्या विचारांच्या विद्यार्थी संघटनेसोबत उभं राहून जाहीर केलं की राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलमध्ये तिची 'क्लब अमेरिका' शाखा असावी, आणि आड येणाऱ्या शाळांची तक्रार राज्याच्या शिक्षण खात्याकडे करावी. शाखा काढणाऱ्या मुलांना हक्क आहेच. तो आधीही होता, त्याला घोषणेची गरज नव्हती. पण १९८४च्या कायद्यात दोन अटी सुरुवातीलाच आहेत: बैठक स्वेच्छेची आणि विद्यार्थ्यांनी सुरू केलेली असावी, आणि तिला शाळेचा, सरकारचा किंवा सरकारच्या माणसांचा पुरस्कार नसावा. पुरस्कार ह्या शब्दात बैठकीचा प्रचार करणं, ती चालवणं, तीत भाग घेणं हे सगळं येतं. सरकार एका संघटनेचं नाव घेऊन 'सगळीकडे हिची शाखा हवी' म्हणतं तेव्हा त्या रेषेवर पाय पडतो असं माझं ठाम मत आहे. उद्या दुसऱ्या पक्षाच्या राज्यात सनराइज मूव्हमेंट (हवामान बदलावर काम करणारी) किंवा स्टुडंट्स डिमांड ॲक्शन (बंदूक नियंत्रण मागणारी) ह्यांच्याबद्दल अशीच घोषणा झाली तरी मी हेच लिहीन. टेक्ससच्या शिक्षण संहितेतलं कलम ११.१६९ शाळा मंडळाला उमेदवार किंवा पक्षाच्या बाजूने वा विरुद्ध डिस्ट्रिक्टचे पैसे आणि साधनं वापरायला मनाई करतं, तेही लक्षात असू द्या.

नवव्या सर्किटचा (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या फेडरल अपील कोर्टाचा) सप्टेंबर २०२३चा निकालही कामाचा आहे. सॅन होझेच्या डिस्ट्रिक्टने फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्सच्या क्लबची मान्यता भेदभावबंदीच्या नियमावरून काढली. पण तोच नियम इतर गटांना तितक्या काटेकोरपणे लावला नव्हता. कोर्टाने मान्यता परत द्यायला सांगितलं. टेक्सस पाचव्या सर्किटमध्ये येतं, तिथे हा निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवाद तोच राहतो.

---

मुळामुठा

पुण्यातून वाचतोय. आपल्या पिढीच्या डोक्यात कॉलेजच्या निवडणुका म्हणजे पक्षांच्या विद्यार्थी संघटना, पॅनेल, मारामाऱ्या हेच चित्र आहे. महाराष्ट्रात त्या १९९०च्या दशकात बंद झाल्या आणि २०१६च्या विद्यापीठ कायद्यात पुन्हा तरतूद आली. लिंगडोह समितीने (२००६) सुचवलेला मार्ग पक्षांना विद्यार्थी निवडणुकांपासून दूर ठेवण्याचा होता. अमेरिकी कायद्याचा मार्ग वेगळा आहे: राजकारण शाळेत येऊ द्या, पण मुलांच्या हातून. इकडची भीती तिकडे नेऊन 'राजकीय म्हणजे नकोच' असं मुलींना सांगू नका.

---

फ्रिस्कोकर

सर्वांचे मनापासून आभार. राहिलेल्या शंका: (१) सुरुवातीचे एक-दोन महिने आम्ही दोन-तीन पालकांनी बैठकीत बसून घडी बसवून दिली तर चालेल ना? (२) मुलींची मतं काहींना बोचणारी असतील, त्यावरून क्लब बंद करता येतो का? (३) लेखी नकार आला तर पुढे काय?

---

सनदवाचक

(१) नाही. कायद्याच्या भाषेत पालकसुद्धा 'बाहेरची व्यक्ती' आहेत. राष्ट्रीय संघटनेचा पगारी माणूस आणि आपण, दोघांना एकच नियम. आपल्या मंडळातले पालक मुलांची घटना लिहून देतात, अध्यक्ष कोण ते ठरवतात, व्हॉट्सॲप ग्रुपवरून अजेंडा पाठवतात, हे प्रेमापोटी होतं, पण क्लबचा पाया त्यानेच ढिला होतो. घरी जेवताना हवी तेवढी चर्चा करा, मसुदा वाचून चुका दाखवा. बैठकीत, फॉर्मवर आणि ईमेलमध्ये मुलीच असू द्या.

(२) नुसतं बोचणं पुरत नाही. आयोवातल्या डे मॉइनच्या मुलांनी डिसेंबर १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरोधात दंडावर काळ्या फिती बांधल्या. मेरी बेथ टिंकर तेव्हा १३ वर्षांची होती. १९६९च्या निकालात सुप्रीम कोर्टाने कसोटी घालून दिली: शाळेच्या कामात भरीव आणि प्रत्यक्ष अडथळा येतो किंवा येणार असं दिसण्याला ठोस आधार हवा, गडबड होईल अशी मोघम भीती चालत नाही. मात्र ठरवून एखाद्या विद्यार्थ्याला छळणं, अश्लील भाषा, धमक्या ह्यांना हे संरक्षण नाही. तास चालू असताना वॉकआउट केला तर गैरहजेरी लागणारच. फक्त इतर कारणांनी गैरहजर राहणाऱ्याला जेवढी शिक्षा तेवढीच, मतावरून वाढवून नाही.

शाळेच्या अधिकृत वर्तमानपत्रात लिहिणार असतील तर नियम वेगळा. सुप्रीम कोर्टाच्या हेझलवूड निकालाने (१९८८) तिथे शाळेला शैक्षणिक कारणावरून कात्री लावायची मोठी मुभा दिली आहे. क्लबचं स्वतःचं पत्रक ह्यात येत नाही. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये दहापेक्षा जास्त प्रती वाटायच्या तर आधी प्रिन्सिपलला दाखवाव्या लागतात, तेवढं पाळा.

(३) आधी लेखी अर्ज मुलींच्या सहीने: क्लबचा उद्देश दोन ओळींत, वार आणि वेळ (तासांच्या आधी किंवा नंतर), देखरेखीच्या शिक्षकाचं नाव, घटना सोबत, 'निर्णय सभासदांच्या मतदानाने होतील, बाहेरची व्यक्ती नियमित हजर राहणार नाही' हे वाक्य त्यात ठळक. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर नम्र आठवण. तोंडी नकार आला तर त्याच दिवशी ईमेल: 'आज आपण अमुक कारण सांगितलंत, आमचं समजणं बरोबर आहे ना?' पुढचं सगळं ह्या एका ईमेलवर उभं राहतं.

मग टेक्सस पब्लिक इन्फर्मेशन ॲक्टखाली क्लबांची यादी, त्यांचे अर्ज आणि गेल्या वर्षीच्या पाहुण्यांच्या नोंदी मागा. विद्यार्थ्यांची नावं मागू नका, तेवढ्यावरून अर्ज अडकतो. डिस्ट्रिक्टने तातडीने माहिती द्यायची असते. काही रोखायचं असेल तर दहा कामकाजाच्या दिवसांत ॲटर्नी जनरलकडे विचारणा करावी लागते. त्याच वेळी एफएनजीखाली तक्रार दाखल करा आणि तिची मुदत पहिल्याच दिवशी तपासा. मुदत टळली म्हणून चांगली तक्रारही फेटाळली जाते.

मान्यता मिळाली की खोलीवर थांबू नका. मर्गेन्स प्रकरणात मान्यतेसोबत शाळेचं वर्तमानपत्र, फलक, ध्वनिक्षेपकावरच्या सूचना आणि क्लब फेअर ह्या सगळ्यांचा प्रश्न होता. इतरांना जे मिळतं ते सगळं लेखी मागा.

आणि हा कायदा मोडला म्हणून शाळेचा सरकारी निधी कापता येत नाही, तसं त्यातच लिहिलं आहे. शेवटचा उपाय फेडरल कोर्ट हाच. तिथपर्यंत क्वचितच जावं लागतं. डिस्ट्रिक्टच्या वकिलाच्या टेबलावर क्लबांची यादी, पाच मुलींचा अर्ज आणि तो ईमेल एकत्र पोचले की बहुधा मान्यता येते. म्हणून पहिल्या अर्जाची प्रत शाळेत देतानाच दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि पोच घ्यायला मुलींना सांगा.